लोखंडी पाटीवरची गावे

दसऱ्याच्या दिवशी आमच्या लालबागच्या गिरणीत कामगारांच्या बायकामुलांना आत सोडत असत. एरवी ज्या दरवाजापाशी भय्या उभा असे आणि ज्यातून फक्त भोंगा झाल्यावर माणसांचा लोंढा बाहेर पडताना दिसे, त्याच दरवाजातून त्या दिवशी आम्ही नवे कपडे घालून आत जात असू. यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या असत, मागांवर हळदकुंकू वाहिलेले असे. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, विणाई खात्यात मागावर होते आणि धाकटे काका रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या साच्यांवर, होते. मी पाचवीत असताना, म्हणजे नुकतीच इंग्रजीची अक्षरे जुळवू लागलो होतो तेव्हा, तात्यांनी मला त्यांच्या मागाजवळ नेले आणि ओतीव लोखंडात उठवलेल्या अक्षरांवर बोट ठेवून 'वाच' असे फर्मावले. मी अडखळत वाचले, 'हेन्री लिव्हसी, ब्लॅकबर्न'. मग काकांच्या साच्यावर 'हॉवर्ड अँड बुलो, ॲक्रिंग्टन' वाचले आणि खालच्या, कापूस पिंजण्याच्या कार्डिंग खात्यातल्या एका यंत्रावर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम'. इंग्लंडच्या नकाशात लंडन कुठे आहे हे कळण्याआधीच मला ही तीन गावे पाठ झाली होती.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये, मँचेस्टरला नोकरी करणाऱ्या भाचीकडे जाणे झाले तेव्हा, 'मामा, तुम्हाला काय काय पाहायचे आहे?' या तिच्या प्रश्नाला मी हीच तीन नावे सांगितली. तिने सरोवरांचा प्रदेश, यॉर्क आणि एक फुटबॉलचे मैदान अशी यादी आधीच करून ठेवली होती. ती यादी तिने मुकाट्याने बाजूला सारली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पहिला दिवस : मँचेस्टर

पहिला दिवस विमानप्रवासाच्या थकव्यात गेला, तरी दुपारी शहराच्या मध्यभागी असलेल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये डोकावून आलो. लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरभोवतीच्या गिरण्यांच्या परगण्याच्या, कापसाचा, सुताचा आणि कापडाचा सौदा ज्या दालनात होत असे ते हे दालन. एके काळी लोक त्याला जगातली सर्वांत मोठी खोली म्हणत. १९६८ च्या अखेरीस येथील व्यवहार थांबले आणि १९७६ मध्ये त्याच दालनात, उंच घुमटांखाली, काच आणि पोलादाचे एक सात बाजूंचे नाट्यगृह उभे राहिले. ते एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात उतरलेल्या अवकाशयानासारखे दिसते. पण मी मान वर करून पाहत राहिलो तो भिंतीवर उंचावर असलेला भावांचा फलक, कारण त्यावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. कोणी ते उतरवले नाहीत. नाटकाची तिकिटे घेऊन उभ्या असलेल्या लोकांपैकी वर पाहणारा त्या वेळी मी एकटाच होतो.

तेथून थोड्या अंतरावर अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. मँचेस्टरमध्ये लिंकन कशासाठी, याचे उत्तर आपल्या मुंबईशीही बांधलेले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला येणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे खैरातीवर आली. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीच्या विरोधात लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले, आणि जानेवारी १८६३ मध्ये त्याने त्यांना दिलेल्या उत्तरातला मजकूर पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेला आहे. सगळेच लँकेशायर इतके उदार नव्हते, दक्षिणेच्या बाजूने बोलणारी गावेही होती, हे येथे सांगितले पाहिजे. त्याच चार वर्षांत मुंबईत मात्र कापसाच्या भावाने सोन्याचा पूर आला, बॅकबे भरून काढण्याच्या कंपनीच्या भागांवर लोकांनी घरेदारे लावली, आणि १८६५ मध्ये यादवी संपताच कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासकट सगळा बाजार कोसळला. ज्या बातमीने ओल्डहॅममध्ये चुली पेटल्या, त्याच बातमीने मुंबईत दिवाळे निघाले.

दुसरा दिवस : ओल्डहॅम

मँचेस्टरहून ओल्डहॅमला ट्राम जाते. ती हळूहळू चढ चढत जाते, कारण गाव पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी उंचावर वसलेले आहे. वाटेत लाल विटांच्या चारपाच मजली गिरण्या दिसू लागतात. त्यांच्या मनोऱ्यांवर पांढऱ्या विटांमध्ये गिरणीचे नाव बसवलेले असते, त्यामुळे मालक बदलला तरी नाव पुसता येत नाही. आता बहुतेक ठिकाणी गुदामे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी या एकाच गावात तीनशेहून अधिक गिरण्या होत्या आणि जगात सूत कातण्याची इतकी चाती दुसऱ्या कोणत्याही गावात फिरत नव्हती.

प्लॅट ब्रदर्सचा कारखाना वर्नेथ भागात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणीची यंत्रे बनवणारा तो जगातला सर्वांत मोठा कारखाना होता आणि तेथे १२ हजारांहून अधिक माणसे काम करीत. रशियापासून जपानपर्यंत आणि अर्थातच मुंबई, अहमदाबाद, नागपूरपर्यंत त्यांची यंत्रे पेट्यांत भरून जात, आणि पुष्कळदा ती उभी करून देणारा फिटरही त्यांच्या पाठोपाठ जात असे. मी तेथे पोहोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संपला आणि त्या परिसरात आता इतर उद्योगांच्या पत्र्याच्या शेड आहेत. ज्या गावाचे नाव मी चाळीस-पन्नास वर्षे डोक्यात बाळगले, तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही हे समजायला मला दहा मिनिटे पुरली. मी एका कुंपणाला हात लावून परत फिरलो.

प्लॅटची एक गोष्ट मात्र मला भारी आवडते. १९२९ मध्ये या कंपनीने जपानच्या तोयोदा यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. जगाला यंत्रे विकणाऱ्यावर यंत्र विकत घेण्याची पाळी आली. त्या पैशाने तोयोदांच्या मुलाच्या मोटारींच्या प्रयोगांना हातभार लागला असे सांगतात, आणि ती मोटार आज ओल्डहॅमच्या प्रत्येक गल्लीत उभी असलेली दिसते.

दुपारी अलेक्झांड्रा पार्क पाहिले. कापसाच्या दुष्काळात बेकार झालेल्या गिरणी कामगारांना रोजगार मिळावा म्हणून हे उद्यान त्यांच्याच हातून करवून घेतले आणि १८६५ मध्ये खुले केले. आपल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडून जसे रस्ते आणि तलाव झाले, तशातलाच हा प्रकार. चात्यावर तुटलेला धागा सांधण्यात ज्यांची बोटे तयार झाली होती, त्यांच्या हातात कुदळ-फावडी दिली गेली. उद्यानात जॉन प्लॅट या कारखानदाराचा पुतळा आहे, आणि त्याच उद्यानात गावात दवंडी पिटणाऱ्या जोसेफ हॉवर्थ या आंधळ्या घंटावाल्याचाही आहे. 'ब्लाइंड जो' या नावाने तो ओळखला जाई. धनवान आणि दवंडीवाला या दोघांनाही एकाच बागेत जागा देणाऱ्या गावाबद्दल मला आपुलकी वाटली. जुन्या टाउन हॉलसमोर ॲनी केनीचा पुतळा आहे, तो २०१८ मध्ये बसवला. दहाव्या वर्षी ती अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जात असे. गिरणीत तिचे एक बोट तुटले, आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात तिने अनेकदा तुरुंगवास भोगला.

तिसरा दिवस : रॉचडेल आणि हेल्मशोअर

त्याच ट्रामने पुढे गेले की रॉचडेल. येथील टोड लेनवरच्या ३१ क्रमांकाच्या घरात २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी २८ सभासदांनी किराणा मालाचे एक दुकान उघडले. त्यांत विणकर पुष्कळ होते. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल होता. मालकाच्या दुकानात भेसळीचे पीठ उधारीवर घेण्यापेक्षा आपणच पैसा पैसा साठवून चोख माल रोखीने विकावा आणि जो नफा उरेल तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटावा, असा त्यांचा विचार होता. दुकान उघडताना गल्लीत डॉफर पोरे टिंगल करायला जमली होती असे सांगतात. डॉफर म्हणजे साच्यावरच्या भरलेल्या बॉबिन उतरवणारी पोरे. मुंबईच्या गिरण्यांतही हाच शब्द होता, आणि टिंगल करण्याचे कामही बहुधा त्यांच्याकडेच होते.

ते घर आता संग्रहालय आहे. खालच्या खोलीत जुना तराजू, पिंपे आणि लाकडी फळीचा गल्ला मांडलेला आहे. खोली एवढी लहान आहे की आमच्या चाळीतल्या वाण्याचे दुकान तिच्यापेक्षा मोठे होते. जगभरच्या सहकारी चळवळीचे लोक येथे तीर्थाला आल्यासारखे येतात. ज्याने प्रवरानगरचा साखर कारखाना पाहिला आहे, किंवा १९४८ मध्ये नायगावात गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या अपना बाजारातून महिन्याचे धान्य भरले आहे, त्या माणसाला या खोलीत परके वाटण्याचे कारण नाही. आमची आई रेशनच्या पिशव्या घेऊन त्याच दुकानाच्या रांगेत उभी राहत असे.

रॉचडेलहून हेल्मशोअरला जाताना माझी फजिती झाली. इंग्लंडमध्येही वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, तेव्हा चुकीच्या बाजूच्या थांब्यावर पाऊण तास भिजत उभे राहण्याला माझ्याकडे कसलीच सबब नव्हती. एका शाळकरी मुलीने मला हाताला धरून पलीकडे नेले नसते, तर मी रॉचडेललाच मुक्काम केला असता.

हेल्मशोअर हे रॉसेनडेल खोऱ्यातले ओढ्याकाठचे खेडे. येथे दोन गिरण्या शेजारी शेजारी आहेत. १७८९ ची गिरणी लोकरीचे कापड पाण्यात कुटून घट्ट करण्याची, आणि तिच्या शेजारची सुताची. दुसऱ्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर सूत कातणारी म्यूल नावाची यंत्रे अजून चालू स्थितीत आहेत. बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ च्या सुमारास म्यूल तयार केले, पण पेटंट न घेतल्याने त्याच्या हाती काही लागले नाही. पुढे १८१२ मध्ये संसदेने त्याला ५ हजार पौंड दिले, तेही त्याच्या धंद्यात बुडाले.

म्यूल चालताना पाहणे हा एक वेगळाच अनुभव आहे. शेकडो चात्यांचा एक लांबच लांब गाडा जमिनीतल्या रुळांवरून हळूच मागे सरकत येतो, त्याच्यासोबत शेकडो धागे ताणले जातात आणि पीळ खातात. क्षणभर सगळे थांबते, आणि मग तो गाडा खडखडत परत आत जाताना तोच धागा चात्यांवर गुंडाळला जातो. मला समुद्राच्या लाटेची आठवण झाली, पण ही लाट थकत नाही. जमीन पिढ्यान् पिढ्यांच्या तेलाने काळी आणि गुळगुळीत झाली आहे. कामगार त्यावर अनवाणी चालत, नाही तर पाय घसरे. तेच तेल चात्यांवरून उडून कपड्यांत मुरे आणि त्यातून कातडीचा कर्करोग होई. गाडा मागे आला की त्याच्याखाली लहान मुले रांगत जाऊन सांडलेला कापूस गोळा करीत, आणि गाडा परतायच्या आत त्यांनी बाहेर यायचे असे. दाखवणाऱ्या गृहस्थांनी हे सगळे इतक्या सवयीच्या आवाजात सांगितले की मला एकदम काकांची आठवण झाली. तेही अपघातांबद्दल असेच बोलत.

मुंबईत मात्र म्यूलचे राज्य फार टिकले नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने रिंगचे साचे फार लवकर स्वीकारले आणि आपल्याकडच्या गिरण्या त्या मार्गाने गेल्या. लँकेशायर पुढे कितीतरी वर्षे म्यूललाच चिकटून राहिले. जुन्या, पण अजून चालणाऱ्या यंत्रावरचा जीव सोडवत नाही, हे मी समजू शकतो.

चौथा दिवस : बर्नलीजवळचे हार्ल साइक

या दिवसासाठी मी बाकीचे सगळे दिवस सोडायला तयार झालो असतो. बर्नली हे विणाईचे गाव, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी येथे सुमारे १ लाख माग होते, म्हणजे जवळजवळ माणसागणिक एक. गावाबाहेरच्या हार्ल साइक या टेकडीवरच्या वस्तीत क्वीन स्ट्रीट मिल आहे. १८९० च्या दशकात स्थानिक लोकांनीच भाग घेऊन ती उभारली, आणि वाफेच्या इंजिनावर कापड विणणारी ती शेवटची गिरणी. ती बंद पडली १९८२ मध्ये.

हे साल वाचून मी दारातच थबकलो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बरेचसे पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. तात्या त्यांतलेच एक. ज्या वर्षी हार्ल साइकचा शेवटचा माग थांबला, त्याच वर्षी तात्यांचाही थांबला.

इंजिनघर देवघरासारखे ठेवले आहे. पितळ चकचकीत आणि फरशी स्वच्छ. ५०० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला 'पीस', म्हणजे 'शांतता', असे नाव आहे. आम्ही गेलो त्या दिवशी बॉयलर पेटवलेला नव्हता, त्यामुळे ते नावाप्रमाणेच शांत होते. पण विणाईच्या शेडमध्ये प्रात्यक्षिकापुरते मोजके माग चालवून दाखवणार होते. शेडमध्ये जवळजवळ तीनशे माग रांगेत उभे आहेत. वरती करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, त्यातून उत्तरेचा थंड उजेड आत येतो, आणि डोक्यावरून जाणाऱ्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात. या मागांवर 'हार्लिंग अँड टॉड, बर्नली' असे नाव आहे. ओतीव लोखंडातली तीच उठावदार अक्षरे. मी कोणाला न विचारता त्यांवरून बोट फिरवून पाहिले.

मग माग सुरू झाले. सहाच माग, पण सगळी शेड थरथरू लागली. आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो तो आवाज कानावर नाही, छातीवर येतो. तीनशे माग चालत असताना येथे बोलणे अशक्य होते, म्हणून विणकर बायकांनी ओठांच्या हालचालींनी आणि खुणांनी बोलण्याची एक रीत काढली. तिला येथे 'मी-मॉइंग' म्हणतात. एकेक शब्द ओठ मोठे करून उच्चारायचा, आवाज काढायचाच नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एक वाक्य असेच 'म्हणून' दाखवले, आणि मंडळी हसली.

मला हसू आले नाही. तात्यांना साठीत कमी ऐकू येऊ लागले होते, पण चाळीच्या गॅलरीच्या एका टोकाला दोन बायका काय कुजबुजत आहेत ते त्यांना दुसऱ्या टोकाला बसून कळत असे. आम्हाला ते जादूचे वाटे, आणि चाळीतल्या बायकांना ते फारसे आवडत नसे. घरात मात्र ते इतक्या मोठ्याने बोलत की शेजारी विचारत, आज काय झाले?

मागापाशी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावा लागे, आणि तो झटकन काढण्याचा उपाय म्हणजे छिद्राला तोंड लावून ओढणे. दिवसाकाठी शेकडो वेळा. येथे त्याला 'धोट्याचे चुंबन' म्हणत. त्यातून एकाचा आजार दुसऱ्याला होई, दात किडत, तरीही या प्रकाराला कायद्याने बंदी यायला १९५२ साल उजाडले. बाईंनी धोटा माझ्या हातात दिला. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणे, आणि छिद्राभोवती ओठांनी झिजून आलेली चकाकी.

मुंबईच्या गिरण्यांतही धोट्याला असेच तोंड लावत. पण आमच्याकडे त्याला आणखी एक पदर होता. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, म्हणून विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. जास्त पगाराचे ते खाते सवर्णांसाठी राखीव राहिले, आणि दलित कामगार रिंग खात्यात अडकून पडले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तात्या विणाई खात्यात होते, ते त्या रांगेच्या कोणत्या बाजूने आत आले हे वेगळे सांगायला नको. त्यांनी हा विषय आमच्यासमोर कधी काढला नाही, आणि मीही विचारले नाही. मार्गदर्शक बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ धोट्याकडे पाहत राहिल्या.

पाचवा दिवस : ॲक्रिंग्टन आणि ब्लॅकबर्न

ॲक्रिंग्टनला फार वेळ थांबलो नाही. काकांच्या साच्यावरचे हे गाव. हॉवर्ड अँड बुलोच्या ग्लोब वर्क्समध्ये रिंगचे साचे तयार होत. १९१४ च्या उन्हाळ्यात या कारखान्यात टाळेबंदी होती, घरात पैसा नव्हता, आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले. शेजारी, भाऊ, सोबतचे कामगार एकत्रच लष्करात भरती झाले आणि त्यांची 'ॲक्रिंग्टन पॅल्स', म्हणजे ॲक्रिंग्टनचे दोस्त, ही पलटण झाली. १ जुलै १९१६ च्या सकाळी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सेर गावासमोर त्यांतले सुमारे ७२० जण पुढे सरकले आणि अर्ध्या तासात ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. एकेका गल्लीतल्या सगळ्या घरांचे पडदे एकाच आठवड्यात शोकापोटी ओढले गेले. यावर अधिक लिहवत नाही.

ब्लॅकबर्नमध्ये मात्र पाय रेंगाळले. स्टेशनाजवळच्या एका दुकानात बटाटा, कांदा आणि लोणी भरलेला बटर पाय मिळाला. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिकांसाठी लँकेशायरने हा पदार्थ काढला असे म्हणतात, पण तो आमच्यासारख्यांसाठीच असावा असे मी धरून चाललो. थोडी हिरवी मिरची असती तर आणखी बरे झाले असते. ती पुढच्याच चौकात, एका गुजराती किराणा दुकानाच्या दारात, टोपलीत मांडलेली दिसली. साठच्या दशकात येथील गिरण्यांच्या रात्रपाळीला माणसे मिळेनात, तेव्हा गुजरातेतून आणि पाकिस्तानातून कामगार आले. गिरण्या गेल्या, माणसे राहिली.

ब्लॅकबर्नच्या व्यापारी भाषेत 'धूती' असा एक शब्द होता. म्हणजे आपले धोतर. ते येथे विणले जाई, काठासकट, आणि गाठोडी बांधून मुंबई-कलकत्त्याला जाई. ब्लॅकबर्नच्या बायकांनी आयुष्यभर धोतरे विणली, आणि ते नेसलेला माणूस कदाचित कधी पाहिलाही नसेल. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार कापड निर्यात केले आणि त्यातले सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आले. आपल्या वऱ्हाडचा आणि खानदेशचा कापूस, जो लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाई, तो जहाजाने जायचा आणि धोतर होऊन परत यायचे, हा हिशेब शाळेत दादाभाई नौरोजींच्या धड्यात वाचला होता. तो हिशेब ज्या गल्लीत बसवला गेला ती गल्ली पाहणे वेगळे. त्या गल्लीतली घरेही आमच्या चाळीइतकीच अरुंद आहेत, हे मात्र धड्यात नव्हते.

सहावा दिवस : डार्वेन

ब्लॅकबर्नहून डार्वेन रेल्वेने काही मिनिटांवर आहे. दरीत उतरलेले गाव, आणि त्याच्या मधोमध एक चिमणी. १८६७ ची ही चिमणी ३०० फुटांहून उंच, लाल-पिवळ्या विटांची, इटलीतल्या घंटाघरासारखी नक्षीदार, आणि गिरणीचे नाव 'इंडिया मिल'. इतके दिवस मी त्यांची नावे आमच्या यंत्रांवर वाचत आलो होतो, आणि येथे आमचे नाव त्यांच्या चिमणीखाली. मुंबईत लालबाग-परळच्या चिमण्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, त्याही उंच इमारतींच्या आड. येथे चिमणीला कोणी हात लावलेला नाही, पण तिच्याखालच्या गावात बंद दुकानांची संख्या पाहिली की चिमणी वाचवणे सोपे असते असे वाटते.

गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ च्या अखेरीस डार्वेनला आले होते, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या एका गिरणीमालक कुटुंबाच्या निमंत्रणावरून. परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे माग थांबले होते, त्यांच्याच घरी ते उतरले. स्प्रिंग व्हेल भागात, ग्रीनफील्ड मिलबाहेर, गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हात जोडून उभे असलेले गांधीजी आणि त्यांच्याभोवती हात उंचावून जयजयकार करणाऱ्या त्या बायका, हे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तुमचे ३० लाख बेकार आहेत, आमचे ३० कोटी लोक वर्षाचे सहा महिने बेकार असतात, अशा अर्थाचे ते बोलले. बायकांनी ऐकून घेतले. धोतर नेसलेला माणूस त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असेल. ते मात्र ब्लॅकबर्नचे नव्हते, खादीचे होते.

मी स्प्रिंग व्हेलच्या गल्ल्यांतून चालत आलो आणि परतीच्या गाडीसाठी डार्वेन स्टेशनवर बसलो. बाकावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. मी कुठला, कशासाठी आलो, असे त्यांनी विचारले, आणि मी मोबाइलमध्ये जपून ठेवलेले, गिरणी पाडण्याआधी काकांच्या मुलाने काढलेले, तात्यांच्या मागावरच्या पाटीचे छायाचित्र त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून वाचले. त्याही पंधराव्या वर्षापासून मागावर होत्या, चार माग सांभाळत.

'लिव्हसी,' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडे लिव्हसीचे माग होते. आवाज फार करायचे. तुझ्या वडिलांच्या कानांचे काय झाले?'

मी सांगितले. त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट करून मान हलवली.

माझी मँचेस्टरची गाडी आधी आली. मी खिडकीशी बसलो, दारे लागली, आणि काचेपलीकडून त्या माझ्याकडे पाहून ओठ मोठे करून, आवाज न काढता, एक लांबलचक वाक्य बोलल्या. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. तात्यांना इंग्रजी येत नव्हते, तरी त्यांना तो कळला असता. मी नुसते हात जोडले आणि गाडी सुटली.